तगरची गाडीवाट आणि इटलीचे सहा दिवस

इटलीला निघालेल्या येडशीच्या माणसानं आधी तेर बघावं. लातूर रस्त्यानं ढोकी, तिथून उजवीकडं वळलं की तेर. स्वतःची गाडी असेल तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट. आपल्या भागातले लोक तेरला जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. तेरणेच्या काठी माथा टेकवायचा, प्रसाद घ्यायचा आणि परत फिरायचं. गावातच असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाची पायरी त्यातले फार थोडे चढतात. मीही कितीतरी वर्षं चढलो नव्हतो. शेतात, पांढरीत, नदीकाठी मिळालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा करणाऱ्या एका गावकऱ्याच्या वेडातून हा संग्रह उभा राहिला आणि पुढं तो शासनाकडं आला. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली, गळ्यात घालायची मातीची पदकं. आणि या सगळ्यात एक हस्तिदंती बाई आहे. उंचीनं ओंजळीत मावेल एवढी. कमरेला मेखला, हातापायांत दागिने, बाकी अंगावर वस्त्र नसल्यासारखंच.

या बाईची सख्खी बहीण शोभावी अशी दुसरी बाई नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. १९३८ साली अमेदेओ माइउरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाला ती पाँपेईच्या एका घरात सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला आणि पाँपेई राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याआधीच तिथं पोचलेली होती. कुणी तिला लक्ष्मी म्हटलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. ती नेमकी कुठल्या कारागिराच्या हातची, यावर एकमत नाही. तिच्या पायथ्याशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळं काहींचं बोट वायव्य भारताकडं जातं; तर तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथं मिळालेल्या तशाच मूर्तींमुळं काहींना ती दख्खनची वाटते. माझं मन कुठं झुकतं ते सांगायला नकोच. पण पुराव्याच्या जागी मन ठेवता येत नाही. दोघींची घडण एका परंपरेतली आहे आणि त्या परंपरेतला माल समुद्रापार जात होता, एवढं मात्र पक्कं.

हे प्रकरण इटलीतल्या जुन्या शहरांच्या छोट्या सहलीबद्दल आहे. तरी सुरुवात तेरपासून केली, कारण छोटी सहल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: माणूस शहरांची यादी घेऊन निघतो. व्हेनिस, मिलान, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, सहा दिवसांत पाच गावं. त्यातला निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि स्टेशनं शोधण्यात जातो, आणि घरी आल्यावर फोटोतला घुमट कुठल्या गावचा हे आठवत नाही. यादीऐवजी एक धागा धरावा. आपला धागा तेरला सुरू होतो, हे आपलं नशीब.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं, किंवा खलाशानं, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण माणूस व्यवहाराचा होता. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर, असं तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात. तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. आणि हा सगळा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो, असं त्यानं लिहिलं आहे. हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बरीच भवती न भवती झाली. कुणी जुन्नर म्हणालं, कुणी देवगिरी. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या शिलालेखतज्ज्ञानं ते तेरच असल्याचं मांडलं आणि ते टिकलं. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे घराण्याचं मूळ गाव म्हणून तगरचं नाव अभिमानानं मिरवत. पुढं १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथं उत्खनन केलं, नंतरही अनेकदा पांढरी उकरली गेली, आणि सातवाहनकाळातलं भरभराटीचं शहर मातीतून वर आलं.

भडोचला उतरलेला माल मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांत जाई. तिथून उंटांवर नाईल नदीपर्यंत, नावेतून अलेक्झांड्रियाला, आणि पुन्हा मोठ्या जहाजानं इटलीतल्या पुतेओली बंदरात. पुतेओली म्हणजे आजचं पोत्सुओली, नेपल्सला लागूनच. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकारानं तक्रारच केली आहे की भारत आपल्या साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या स्फोटात, लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला असताना मेला. तेव्हा आपल्या सहलीची गावं ठरली: नेपल्स, त्याच्या कुशीतली पाँपेई आणि पोत्सुओली, मग रोम. फ्लॉरेन्सला एक दिवस जायचं, पण ते वेगळ्या कारणानं. ते पुढं येईल.

व्हेनिस यात नाही. व्हेनिस सुंदर आहे आणि म्हणूनच त्याला अर्धा दिवस देणं बरं नाही. ते दुसऱ्या खेपेला ठेवावं.

आता तयारीचं. इटली शेंगेन देशांपैकी एक, त्यामुळं व्हिसा शेंगेनचा. महाराष्ट्रातल्या लोकांचा अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडं, त्यांच्या अर्जकेंद्रामार्फत जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत येऊन ठेपलं तर उशीर झालेला असतो. मी म्हणेन, दोन-तीन महिने हाताशी ठेवा, कारण भेटीची वेळच लवकर मिळत नाही. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. नोकरदाराला रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या जोडणं सोपं. शेतकऱ्याची अडचण होते, कारण त्याचं उत्पन्न एका कागदावर दिसत नाही. त्यानं सातबारा, कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचं सहा महिन्यांचं खातं, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडावं. तुम्ही परत येणार आहात, तुमचं घरदार, शेत इथं आहे, हे त्या टेबलामागच्या माणसाला कागदांतून दिसलं पाहिजे. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर परदेशी प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. विमानतळावर रांग लांबली तर घाबरू नका. पण उतरल्यावर तासाभरातली रेल्वे मात्र धरू नका.

काळ कुठला? शाळांच्या सुट्ट्यांवर आपलं सगळं अवलंबून, म्हणजे मे किंवा दिवाळी. दिवाळी धरावी. मेमध्ये आपला माणूस ऊन सोसेल, पण तेव्हा युरोप-अमेरिकेतली गर्दी तिथं लोटायला लागते आणि सगळं महागतं. ऑक्टोबरच्या शेवटी हवा आपल्याकडच्या कार्तिकासारखी, कधी एखादी सर. एक हिशेब ध्यानात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं जातात, आपल्यातलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. नोव्हेंबर लागला की पाँपेई संध्याकाळी पाचला बंद होतं आणि साडेतीननंतर आत सोडत नाहीत.

खाण्याचा डबा हा आपल्या घराघरांतला जिव्हाळ्याचा विषय. शेंगदाण्याची चटणी, भाकरीचे कडक तुकडे, चिवडा न्यायला हरकत नाही. पण कुंथलगिरीचा पेढा बॅगेत टाकू नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि खव्याचा पेढा त्यात येतो. घरच्यांनी कितीही प्रेमानं बांधून दिला तरी तो इथंच वाटून टाकावा. तिथं शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरिगानो आणि तेल. त्यावर चीजसुद्धा नसतं. हरभऱ्याचा पास्ता मिळतो, भाजलेल्या वांग्याचे थर मिळतात. 'सेंत्सा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याच्या अखंड वाहणाऱ्या लोखंडी तोट्या आहेत, शहरभर सुमारे अडीच हजार. पाणी विकत घेण्याची गरज नाही. ज्या गावानं दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरातून पाटानं पाणी आणलं, त्यानं ते अजूनही वाटेवरच्या माणसासाठी मोकळं ठेवलं आहे.

येडशीहून मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची लातूर–मुंबई एक्स्प्रेस, धाराशिवला धरायची. हे लिहिताना मला जरा नवल वाटतं. कारण पूर्वी उलटं होतं. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढं लातूरपर्यंत आली तेव्हा तिनं धाराशिवला बगल दिली होती, आणि जिल्ह्याच्या गावची माणसं गाडी धरायला येडशीला येत. अडीच फुटी रुळांची ती गाडी. आमच्या घरातले म्हातारे तिच्या वेळेवर गुरं सोडायचे. रुंद मार्ग झाला तेव्हा वाट वळवून धाराशिवमधून नेली. येडशीचं स्टेशन आहे, गाड्या जातात, पण तो मान गेला. इटलीतल्या रेल्वेस्टेशनांवर बसलो की मला हटकून आमचं ते छोटं फलाट आठवतं.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरल्यावर रोममध्ये थांबू नका. तिथून रेल्वेनं अर्ध्या तासात रोमचं मुख्य स्टेशन तेर्मिनी, आणि तेर्मिनीहून वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आत-बाहेर नेपल्स. लांबचं गाव आधी आणि विमानतळाजवळचं शेवटी, हा नियम परदेशात कधी मोडू नये. नेपल्सला तीन रात्री, रोमला तीन. संपूर्ण सहलीत दोनच वेळा अंथरूण बदलायचं. हॉटेल दोन्हीकडं स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या. शहराचा रात्रीचा कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, तो धरून हिशेब करा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

नेपल्सच्या पहिल्या पूर्ण दिवशी पाँपेई. व्हेसुव्हियसला वळसा घालणारी लोकल गाडी सुमारे पाऊण तासात पाँपेईच्या दारात सोडते. नोव्हेंबर २०२४ पासून तिथं दिवसाला वीस हजार माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावावर निघतं, तेव्हा ते घरूनच काढून ठेवा आणि पासपोर्ट जवळ बाळगा. पाँपेईत सावली नाही, रस्ते दगडी आणि उंचसखल. नव्या चपला तिथं पहिल्यांदाच घालू नयेत. साठीच्या पुढच्यांनी काठी न्यावी.

पाँपेई एका दिवसात सगळं होत नाही, आणि करूही नये. मी त्यातला एकच रस्ता सांगतो: व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा, शहराच्या मध्यातून पूर्वेला गेलेला. अभ्यासकांनी पाँपेईचे विभाग, त्यातले चौक आणि चौकातली दारं यांना क्रमांक दिले आहेत. पहिला विभाग, आठवा चौक, पाचवं दार शोधा. हेच 'भारतीय मूर्तीचं घर'. आत जायला मिळेलच असं नाही. पण त्या उंबऱ्यासमोर उभं राहणं मला पुरेसं वाटलं. हस्तिदंती बाई याच घरातल्या एका लाकडी पेटीत होती. तिच्या डोक्यापासून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती एखाद्या आरशाची मूठ किंवा छोट्या तिवईचा पाय असावी. पूजेची मूर्ती म्हणून तिला कुणी इतक्या लांब आणली नव्हती, घरातली देखणी वस्तू म्हणून आणली. त्याच चौकात आठव्या दाराशी एका खाणावळीचा ओटा आहे. ओट्यात मोठे रांजण पुरलेले, त्यातून गरम-गार पदार्थ वाढायचे. मागं देवघराची भिंत रंगवलेली. एका रांजणात हजाराहून जास्त नाणी सापडली, बहुधा मालकाचा गल्ला. आपल्या येडशीच्या फाट्यावरच्या हॉटेलात भट्टीशेजारी देवाचा फोटो आणि ओट्यामागं गल्ला असतो, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हे दुकान समजावून सांगायला गाइड लागत नाही.

दोन चौक अलीकडं स्तेफानुसचा धोबीघाट. कपडे धुण्याच्या टाक्या अजून जागेवर आहेत. मळ काढायला ते शिळं मूत्र वापरत, त्यातल्या खारानं कापड निघतं. आपले परीट भट्टीला पापडखार वापरत, तत्त्व एकच. तिथं धुतलं जाणारं बहुतेक कापड लोकरीचंच असणार. तगरची मलमल या टाक्यांत कधी बुडाली का, याला काही पुरावा नाही. पण ती ज्या बाजारात विकली जात होती, तो बाजार हा.

आणि मग रस्त्याकडं बघा. दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, हात घातला तर बोटं बुडतात. पावसात पलीकडं जायला रस्त्याच्या मध्ये उंच दगड टाकलेले, आणि चाकं बरोबर त्या दगडांमधून जावीत एवढं अंतर. तगरच्या गाड्यांना असा रस्ता मिळाला नाही. त्या काळ्या मातीतून, ओढ्यानाल्यांतून पैठणकडं गेल्या आणि त्यांची एकही चाकोरी उरली नाही. मी त्या दगडांवर बराच वेळ बसून होतो.

दुसरा दिवस नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचा. मंगळवारी ते बंद असतं, तेव्हा दिवस आधी जुळवा. (तेरला जायचंही सोमवार टाळून ठरवा.) आपली बाई 'गुप्त दालन' म्हणवल्या जाणाऱ्या खोल्यांत आहे, जिथं पाँपेईतली शृंगारिक चित्रं आणि मूर्ती ठेवल्या आहेत. मुलं सोबत असतील तर हे आधी माहीत असावं. तिला तिथं ठेवलेलं पाहून मला वाईट वाटलं. तिच्या अंगावर कमी वस्त्र आहे, एवढ्यावरून ती त्या दालनात गेली; वेरूळ-अजिंठ्याच्या भिंती पाहिलेला माणूस तिला तसं बघत नाही. तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी आहेत, हातात शृंगाराच्या वस्तू घेतलेल्या. तेरच्या बाईचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या आणि काचेजवळ धरून दोघींचे दागिने ताडून बघा. केसांची ठेवण, पायांतले थर, मेखलेची जाडी. अशी तुलना करायला जगातले फार थोडे प्रवासी येतात, आणि येडशी-तेरच्या माणसाइतका हक्क कुणाचाच नाही.

दुपारी पोत्सुओली, नेपल्सहून लोकलनं. इथं प्राचीन बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत आणि त्यांच्या मध्यावर समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे ही जमीन खाली जाऊन समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली, खांब मात्र उभेच राहिले. चार्ल्स लायल या भूशास्त्रज्ञानं १८३० च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. जमिनीखाली ज्वालामुखी जागा आहे, गाव अजूनही वरखाली होतं. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी भोगला त्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना पायाखालची जमीन हलणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. पोत्सुओलीच्या याच बंदरात अलेक्झांड्रियाची जहाजं लागत, आणि आपल्या धाग्याचं हे दुसरं टोक.

रोमला आल्यावर फोरममध्ये मॅक्सेन्शियसच्या भव्य सभागृहाचे अवशेष बघा. त्याच्या खाली सम्राट डोमिशियननं बांधलेली मिऱ्यांची कोठारं होती, आपल्या केरळ किनाऱ्यावरून आलेल्या मिऱ्यांची आणि मसाल्यांची. तिथून पायी पँथिऑनला जा. सुमारे १२५ साली हेड्रियनच्या काळात पुरा झालेला हा घुमट ४३ मीटर रुंद आहे, आत लोखंडाची एक सळई नाही. माथ्याकडं जाताना बांधणाऱ्यांनी चुन्याच्या मसाल्यात हलकी ज्वालामुखीची खडी वापरली म्हणून तो तरला. इथं मला तेरच्या विटा आठवल्या. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून भाजल्या की भुसा जळून पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकारानं आपल्या ग्रंथात स्पेनमधल्या आणि आशिया मायनरमधल्या तरंगणाऱ्या विटांचं कौतुक केलं आहे. तेर त्याला माहीत नव्हतं. तेरचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं मानतात. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. रोमन सभागृहांचं टोकही असंच गोल असतं. कुणी कुणाकडून घेतलं हे शोधायला जाऊ नये. हलकं आणि टिकाऊ कसं बांधावं, हा प्रश्न दोघांपुढं होता. चर्चमध्ये आणि पँथिऑनमध्येही खांदे-गुडघे झाकलेले असावेत; साडी-सलवारवाल्यांना काहीच अडचण नाही.

आता फ्लॉरेन्स. रोमहून वेगवान गाडीनं दीड तास, सकाळी जाऊन रात्री परत. उफिझी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं. पण मराठी माणसानं फ्लॉरेन्सला जायचं ते आणखी एका जागेसाठी. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचं मोठं उद्यान आहे, आर्नो नदीच्या काठानं लांबवर पसरलेलं. ट्रामनं उद्यानापाशी उतरून नदीकडेनं टोकापर्यंत चालत गेलात की मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे, आपल्याकडच्या राजांच्या छत्रीसारखीच, आणि तिच्याखाली रंगीत पागोट्यातला एक तरुण. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते इंग्लंडला गेले, परतताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सच्या हॉटेलात वारले. वय वीस. तेव्हा इटलीत दहन जवळपास कुणी पाहिलेलं नव्हतं. सोबतच्या लोकांनी परवानगी मिळवली आणि संगमावर, रिवाजाप्रमाणे, चिता रचली. १८७४ मध्ये तिथं स्मारक झालं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या वास्तुविशारदाचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला या तरुण राजाचं नाव आहे. जवळचा मोठा पूल फ्लॉरेन्सचे लोक आजही 'इंडियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणून ओळखतात. उद्यानात माणसं धावत असतात, लहान मुलं सायकल शिकत असतात. घरापासून इतक्या लांब, नदीच्या संगमावर पोराला अग्नी देणाऱ्या त्या कारभाऱ्यांचं मला फार वाटलं. परतताना तिथं एक फूल ठेवा.

एखादा दिवस जास्त असेल तर मराठा सैनिकांसाठी द्या. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं यंत्रबंदुकीच्या ठाण्यावर चालून गेले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या भागातल्या मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं एक सौरघड्याळ उभारलं गेलं. तिथं पोचायला गाडी भाड्यानं घ्यावी लागेल. ते जमणार नसेल तर रोम आणि नेपल्सच्या मध्ये, जुन्या रेल्वेमार्गावर कासीनो आहे. तिथल्या युद्धस्मशानात, ज्यांची कबर सापडली नाही अशा हजारो सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

शेवटच्या दिवशी विमानतळावर लवकर जा आणि खिडकीची जागा मागून घ्या. पुतेओली लांब पडतं म्हणून क्लॉडियस सम्राटानं रोमसाठी टायबरच्या मुखाशी नवं बंदर खोदायला घेतलं, आणि पुढं ट्रेजननं त्याला सहा बाजूंची गोदी जोडली. समुद्र तिथून केव्हाच मागं हटला. त्या बंदराच्या जागी, अगदी शेजारी, आज फ्युमिचिनो विमानतळ आहे. विमान त्या बाजूनं वळलं तर खाली झाडांमध्ये एक तळं दिसतं, निळं, बरोबर सहा कोनी.